मासळीचा जिना

मे महिना संपत येतो, कूलरच्या ताट्या वाळून कोळसा होतात, नागपूरकर एकमेकांशी उन्हाखेरीज दुसरं काही बोलेनासे होतात, तेव्हा आमच्याकडे दारांना ग्रीस लावतात. आमच्याकडे म्हणजे घरी नव्हे. घरच्या दारांना मी कित्येक वर्षांत तेलाचा थेंब दाखवलेला नाही, ती कुरकुरतात बिचारी. ही दारं लोखंडाची, पुरुषभर उंचीची, हुडकेश्वरच्या पुढे नाल्यावर बांधलेल्या पूरभिंतीतली. तीन आहेत. पावसाळ्यात वरच्या तलावाचं पाणी अंगावर धावून आलं की त्याला भिंतीमागे थोपवायचं आणि दारं थोडी थोडी उचलून बेताबेताने पुढे सोडायचं, एवढंच त्यांचं काम. त्यासाठी चाकं, साखळ्या, दाते सगळं आधीच पुसून, घासून, ग्रीसने माखून ठेवावं लागतं. यंदाही ते परवा झालं. दारं चालवणारे आमचे वासुदेवभाऊ कोपरापर्यंत काळे हात जोडून मला म्हणाले, "झालं मॅडम, आता येऊ द्या पाणी." त्या ग्रीसच्या वासासरशी माझा गेल्या वर्षीचा अख्खा पावसाळा उठून उभा राहिला.

पावसाळा म्हटलं की लोकांना मातीचा वास आठवतो. मला ग्रीसचा आठवतो आणि त्याच्या खालोखाल माशांचा. त्याला कारण आहे. मी पाटबंधारे खात्यात अभियंता आणि घराण्याने ढिवर. बापजाद्यांनी पाण्यातून मासे काढले आणि मी पाण्याला दारं लावते. आमच्या घरातलं हे उलटं वळण पाहून माय म्हणायची, "सारं खानदान पाण्यात उतरलं, अन् ही पोट्टी पाण्याले कुलूप लावून राहिली." हे ती कौतुकाने म्हणायची, निदान मी तरी तसंच समजत आले.

तलाव आमच्या गावचा. गाव आता गाव राहिलेलं नाही, शहर त्याच्या अंगावरून पुढे निघून गेलं. शेतांच्या धुऱ्यांच्या जागी ले-आउटचे, म्हणजे नव्या वसाहतींचे, रस्ते आले, बांधावरच्या बाभळींच्या जागी पाण्याच्या टाक्या आल्या. तलाव मात्र राहिला, आणि त्यातून निघून खाली नदीला मिळणारा नाला राहिला. नाल्याला कोणी नाव ठेवलेलं नाही. नकाशात तो एका आकड्याने ओळखला जातो आणि माय त्याला नुसतं "आपला" म्हणते.

माझ्या लहानपणी या नाल्याला चढण लागायची. आमच्या घरी तो एक वेगळा ऋतूच होता, उन्हाळा-पावसाळ्याच्या बरोबरीचा. नाला गढूळ होऊन भरून वाहायला लागला की खालच्या नदीतली मासळी उलट्या पाण्याने वर यायची, तलावात आणि भोवतालच्या धानाच्या बांध्यांमध्ये अंडी घालायला. मरळ, शिंगाडा, वाम, आणि जिला नावही नाही अशी बोटाएवढी चंदेरी मासळी. आम्ही पोट्टे पोटरीभर पाण्यात उभे राहायचो. पाणी चहासारखं, आत काही म्हणजे काही दिसायचं नाही. पण पोटऱ्यांवर थडाथड लागायचं. थंड, गुळगुळीत आणि भयंकर घाईत असलेलं काहीतरी पायांना धडकून, वाट काढून पुढे जायचं. मी जिवाच्या आकांताने किंचाळायची, पण जागची हलायची नाही. तो स्पर्श मला अजून पोटऱ्यांवर आठवतो. पुढे कॉलेजात पाण्याच्या वेगाची गणितं सोडवताना सर फळ्यावर बाण काढायचे, तेव्हा मला हटकून त्या बाणांच्या उलट दिशेने काहीतरी पायाला लागल्याचा भास व्हायचा.

आणि त्या दिवसांत आमच्या घरी मासे शिजायचे नाहीत! ढिवराच्या घरी, ऐन माशांच्या दिवसांत. रीतच तशी होती. चढणीची मासळी पोटात अंडी घेऊन निघालेली, तिला हात लावायचा नाही. चढण लागली की बाया नाल्याची ओटी भरायच्या. तांदूळ, हळकुंड, सुपारी, खण आणि नारळ पाण्यात सोडायच्या आणि मग पोळा होईपर्यंत नाल्यात किंवा तलावात जाळं पडायचं नाही. घरात अंबाडीची भाजी नाहीतर वाळलेले झिंगे. बाप या दिवसांत चिडका व्हायचा. "समोरून जेवण चाललं अन् आपण हात जोडून राहिलो," असं पुटपुटायचा. पण खुंटीवरचं जाळं त्याने कधी काढलं नाही. या रितीमागचं शास्त्र मला पुढे पुस्तकात आयतं मिळालं. बापाने ते अर्धपोटी पाळलं, हा फरक मी विसरत नाही.

मग एका वर्षी पूर आला. नाल्याकाठच्या ले-आउटमध्ये पाणी शिरलं आणि सगळ्यात आधी शिरलं ते काळे सरांच्या घरात. सर निवृत्त मुख्याध्यापक, शिकवायचे मराठी. पाणी उतरल्यावर मी पाहणीला गेले होते. ओसरीवर त्यांच्या पत्नीची, बाईंची, पेटी उन्हात ठेवली होती. बाई गाणं शिकवायच्या, ती पेटी त्यांच्या आईने दिलेली. लाकूड फुगून पट्ट्या एकमेकींत रुतल्या होत्या. बाई एकेक पट्टी दाबून पाहत होत्या आणि एकही बोलत नव्हती. सर माझ्याकडे न बघता म्हणाले, "लिहून घ्या मॅडम. नुकसान, पेटी एक." तेव्हा पूरभिंत बांधली गेली ती योग्यच बांधली गेली. माझ्या मासळीच्या प्रेमापायी कोणाच्या ओसरीवर पुन्हा तशी पेटी वाळत पडावी असं मला कधी वाटलं नाही आणि वाटणारही नाही.

भिंतीने माणसं वाचवली. मात्र भिंत बांधताना नाल्याचा तळ काँक्रीटचा झाला आणि दारांच्या खालच्या अंगाला कमरेएवढी उंच पायरी पडली. माणसाला ती पायरी. बोटभर माशाला तो किल्ल्याचा तटच. भिंतीनंतरच्या पहिल्याच चढणीला मासळी त्या पायरीखाली येऊन खोळंबली. उड्या मारायची, लोखंडावर आपटायची, पडायची, पुन्हा उडी. कचरा अडवायला लावलेल्या जाळीच्या धारेने तिची अंगं सोलून निघायची. बातमी पसरली आणि अख्खं ले-आउट मच्छरदाण्या घेऊन आलं. बादल्या, टोपली, एकाने तर कूलरची जाळी काढून आणली होती. मायला मीच सोबत नेलं होतं. ती काठावर उभी राहिली, पदर तोंडाला लावला, आणि कोणाला ओरडली नाही. ती ओरडत नाही तेव्हा मला भीती वाटते. घरी येताना मोपेडवर मागून एवढंच म्हणाली, "पोटुशीले मारून राहिले वं हे, बेबी."

वरचा तलाव त्यानंतर मुका झाला. सोसायटी दरवर्षी विकतचं बीज सोडते, ते वाढतं, विकलं जातं, त्यात काही वाईट नाही. पण पावसाळ्यात मरळीची पिल्लं पाण्यावर लाल गोळा करून फिरतात आणि खाली आई-बाप राखण करतात, ते दिसेनासं झालं. मायचा त्या लाल गोळ्यात जीव. गुडघे गेलेत, डोळ्यांत मोतीबिंदू, तरी दर आषाढात तलावावर जाऊन बांधाच्या पाळीवर बसायची आणि संध्याकाळी परत येऊन चपला काढता काढता सांगायची, "नाही दिसला." एकदा म्हणाली, "बेबी, तू एवढी इंजिनेर हायेस. माणसाले पूल बांधतेस. तिले एक जिना नाही बांधता येत?"

बांधता येतो की. जगात ठिकठिकाणी बांधलेत. मी फायलीच्या मागे लागले. माझ्या स्वभावाचा एक गुण असा, की समोरच्याला माझ्या हो म्हणण्यापेक्षा माझं परत परत येणं जड जातं. डाव्या काठाला भिंतीत एक अरुंद वाट ठेवून तिच्यापासून खाली नाल्यापर्यंत दगडांचा लांबट उतार केला. मोठे गोटे असे बसवले, की पाणी त्यांच्यात अडखळत, वळत उतरेल आणि दर थोड्या अंतरावर मासळीला दम खायला डबकं मिळेल. कचऱ्याच्या जाळीच्या धारदार पट्ट्या काढून गोल गज लावले, त्यांत अंतर वाढवलं. दारांखाली खोलगट हौद केला, म्हणजे भादव्यात परत उतरणारी मासळी उघड्या काँक्रीटवर आपटणार नाही. साहेबांनी सही केली, पण अट घातली. एक पावसाळा. मासळी चढली नाही, किंवा खालचं पाणी भिंतीवरच्या धोक्याच्या लाल पट्ट्याच्या वर गेलं, तर दिवाळीच्या आत जिना काँक्रीटने भरून टाकायचा.

ही अट घालायला लावणारे काळे सर. त्यांचे अर्ज इतके शुद्ध आणि डौलदार असत, की साहेब ते मोठ्याने वाचून दाखवायचे. "ज्या भिंतीने आमचे रक्षण करावे, तिलाच आपण भोक पाडले आहे," हे वाक्य मला पाठ आहे. आणि खरं सांगायचं तर त्यांचं चुकत नव्हतं. दारं बंद करता येतात, जिना बंद करता येत नाही. त्याच्यातून पाणी येतच राहणार, आणि येऊन पहिल्यांदा जाणार ते त्यांच्याच ओसरीकडे. मी गणित मांडून दाखवलं, की हे पाणी किरकोळ आहे. सर म्हणाले, "मॅडम, गणिताने माझी शाळेतही कधी खात्री पटवली नाही."

गेल्या वर्षीची ती सकाळ. रात्रभर वर तलावाकडे कोसळून पाऊस थांबला होता आणि आकाश धुतलेल्या पातेल्यासारखं लख्ख झालं होतं. वासुदेवभाऊंचा फोन आला. "मॅडम, मासोळी लागली. या बिगीबिगी." मी मायला मोपेडवर घातलं. तिच्या मांडीवर ओटीचं ताट, वर फडकं, आणि तोंडाने अखंड, "हळू वं, नारळ पडते."

नाला दणाणत होता. काठावर निम्मं ले-आउट जमलेलं. हवेत ओल्या सिमेंटचा, शेवाळाचा आणि कोणाच्या तरी डब्यातल्या तर्रीचा वास. काळे सर छत्री घेऊन लाल पट्ट्याजवळ पहाटेपासून उभे होते, पाऊस थांबला तरी छत्री उघडी. वासुदेवभाऊंनी नियमाप्रमाणे मधलं दार आधी उचललं होतं. हा आमच्या कामातला जुना नियम. पाण्याचा जोर मध्यभागी राहावा, काठ खचू नयेत. मधल्या दाराखालून पाणी पांढरंशुभ्र होऊन उसळत होतं आणि त्या पांढऱ्यात मासळीच मासळी होती. चमकायची, पायरीवर आपटायची, दिसेनाशी व्हायची. आणि डाव्या काठाला आमचा जिना, त्यावरून नळासारखं पाणी झुळझुळतंय, आणि तो रिकामा. साफ रिकामा. वरून तिसऱ्या डबक्यात एक बेडूक मात्र येऊन बसला होता.

सर त्याच्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, एका बेडकाच्या मानाने खर्च थोडा जास्त झाला."

लोक हसले. मीही हसले असते, कारण वाक्य चांगलं होतं. पण माझी नजर जिन्यावरून हलत नव्हती. एवढं भांडून, एवढ्या फायली फिरवून बांधलेली ती वाट मासळीच्या अगदी शेजारी होती आणि एकीलाही ती दिसत नव्हती. दिवाळीत तिथे काँक्रीट पडणार, आणि माय पाळीवर बसून चपला झिजवणार, हे मला तेव्हा स्पष्ट दिसलं. माणसांसमोर रडायचं नाही म्हणून मी दाराची साखळी निरखत उभी राहिले.

मायला या कशाचंच काही नव्हतं. तिला चढण दिसली होती, म्हणजे ओटी भरायची. जिन्याजवळच्या काठावर ती खाली बसली, तांदूळ सोडले, हळकुंड, सुपारी, खण सोडला, हात जोडून नारळ पाण्यात टाकला. नारळ वाहत खाली जायला हवा होता. तो गेला नाही. काठाकाठाने उलटा वर सरकला, मधल्या दाराखालच्या पांढऱ्या पाण्यात शिरला आणि तिथेच गरगरायला लागला. थोडा बाहेर यायचा, पुन्हा ओढला जायचा.

"नारळ परत केला देवानं," कोणीतरी म्हणालं.

"काहून परत करन?" माय उसळली. "पाह्य नं बेबी, तो परत कुठी आला? तो फसला हाय तिथं."

मी पाहिलं. थर्मोकोलचे तुकडे, फेस, निर्माल्याचा झेंडू, नारळ, सगळं एकाच वर्तुळात फिरत होतं. आणि त्याच वर्तुळात, त्याच्या खाली, मासळी. जिन्याच्या पायथ्याशी पाणी मेलेलं होतं, उलट ते हळूहळू मधल्या दाराकडेच ओढलं जात होतं. मासळी जोरदार पाण्याला तोंड देऊन निघते. जिथे पाणी हाक मारतं तिथे ती जाते. इथे मधलं दार नगारा वाजवत होतं आणि आमचा जिना तिच्या कानात कुजबुजत होता. कसं ऐकू जाणार? इतका वेळ मी मासळीकडे बघत होते म्हणून मला पाणी दिसलं नाही. नारळाने ते दाखवलं.

"वासुभाऊ!" मी ओरडले. "मधलं दार खाली घ्या. डावं उचला. जिन्याजवळचं!"

वासुदेवभाऊ चाकावर हात ठेवून थबकले. "मॅडम, नियमात मधलं आधी हाय नं."

"नियम खात्याचा, जबाबदारी माझी. डाव्या काठाला दगड बसवलेत, तो खचत नाही. मधलं जेवढं खाली, तेवढंच डावं वर. पाणी तेवढंच राहील."

"थांबा!" काळे सर छत्री मिटून पुढे आले. "चालू पुरात दारांशी खेळ? आणि एखादं अडकलं तर? पाणी कुठे येईल ते तुम्हाला माहीत आहे. तुम्ही पाहिलंय माझं घर."

पाहिलं होतं. म्हणूनच मला त्यांच्याशी वाद घालावासा वाटला नाही. मी म्हणाले, "सर, तुम्ही पट्ट्याजवळ उभे राहा. तुमच्याइतकं त्या पट्ट्याकडे दुसरं कोणी डोळ्यांत तेल घालून बघणार नाही. पाणी बोटभर जरी वर सरकलं तर ओरडा. तुमचा आवाज आला की सगळं होतं तसं करते, आणि या जिन्याचं नाव पुन्हा काढत नाही."

सरांनी माझ्याकडे बघितलं. चाळीस वर्षं वर्गात पोरांची खोटी कारणं ऐकलेला माणूस. मग ते वळले आणि पट्ट्यासमोर जाऊन उभे राहिले, नाल्यातल्या सगळ्या गमतीकडे पाठ करून.

चाकं फिरली. परवाच लावलं असावं तसं ग्रीस दात्यांवर चमकत होतं आणि साखळी कुरकुर न करता उतरत होती. मधलं पाणी दबलं. डाव्या दाराखालून पाणी उसळलं, जिन्याच्या तोंडाला घासून खाली उतरलं आणि आवाज बदलला. आवाज आधी बदलतो, मग पाणी. नारळाचं गरगरणं मंदावलं. तो वर्तुळाच्या कडेला आला, रेंगाळला, आणि कोणी बोट धरून न्यावं तसा डावीकडे निघाला. नारळ जिन्याच्या पायथ्याशी येऊन पहिल्या गोट्याला टेकला आणि तिथेच डुलत राहिला.

त्याच्या मागून ती आली. बोटाएवढी, चंदेरी, नाव नसलेली. पहिल्या डबक्यात शिरली, थांबली, दम खाल्ला, आणि सपकन दुसऱ्यात. मग तिच्या मागे दोन, मग मोजायचं राहूनच गेलं. उतारावरचं पाणी माशांनी खडबडीत दिसायला लागलं. शिंगाडे आले, मिशा हलवत, गोट्यांशी धक्काबुक्की करत. वाम दोन दगडांच्या मधून सुतळी ओवावी तशी सरळ वर निघून गेली. बेडूक उडी मारून पळाला. आणि मग खालच्या डबक्यात पाणी फुगल्यासारखं झालं, काळीभोर पाठ वर आली, हातभर लांब. मरळ. अर्धी पाण्यात, अर्धी उन्हात, शेपटी मारत, एकेक डबकं घेत ती चढली.

काठावर असा गलका झाला, की वर तारेवरचे बगळे उडाले. अनोळखी माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. मच्छरदाणी घेऊन आलेला एकजण ती काखेत लपवत शिट्ट्या वाजवत होता. वासुदेवभाऊ ग्रीसच्या हातांनी डोळे पुसून तोंड काळं करून बसले. मी लहानपणी किंचाळायची तशी किंचाळले, सरकारी ओळखपत्र गळ्यात असताना.

"काय झालं? काय झालं?" सर पाठमोरेच ओरडत होते.

"सर, चढली!"

"पट्टा जागेवर आहे!" त्यांनी खणखणीत आवाजात कळवलं. मान वळवायला तयार नाहीत. शेवटी मी धावत गेले, म्हटलं, "सर, पट्ट्याकडे मी बघते. तुम्ही जा." ते गेले, जिन्यावर वाकले, चष्मा पुसला, परत वाकले. आणि जन्मभर पोरांचं बोलणं सुधारणाऱ्या काळे सरांचा आवाज आला, "अरे बाप्पा! गंज हायेत ना बे, मोजताच नाही येत!"

पुढचं सगळं चांगलंच घडत गेलं. तो पावसाळा सरेपर्यंत दारांचा क्रम आम्ही नारळ सोडून सोडून ठरवला. खात्याने तो नियम म्हणून घेतला. आता पाणी धोक्याखाली असेल तोवर आमच्याकडे डावं दार आधी उघडतं आणि शेवटी मिटतं. दुसऱ्या तालुक्यांतले अभियंते बघायला येतात, तेव्हा मी त्यांना आधी नारळ फोडायला नाही, सोडायला लावते. ते हसतात. नारळ गरगरला की हसायचे थांबतात. मोठं पाणी आलं त्या दिवशीही लाल पट्टा कोरडा राहिला आणि जिना भरून टाकण्याची गोष्ट बैठकीत निघालीच नाही. आषाढ सरता सरता माय एका संध्याकाळी तलावावरून आली आणि चपला न काढताच दारात उभी राहिली. लाल गोळा दिसला होता. एक नाही, पाळीच्या दोन्ही अंगांना. मग आम्ही दोघी तशाच चपलांनिशी परत तलावावर गेलो आणि अंधार पडेपर्यंत बसून राहिलो. पोळ्यानंतर सोसायटीचं जाळं पडलं, त्यात विकत न आणलेली मरळ निघाली. वाटा घरी आला, आणि मायने मला सावजी मसाल्याला हातही लावू न देता स्वतः कालवण केलं.

जिंकणं म्हणजे काय असतं हे मला इतक्या नोकरीत त्या वर्षी कळलं. त्यात कोणी हरलं नव्हतं. माणसांच्या घरात पाणी गेलं नाही आणि मासळीची वाट मोडली नाही, एकाच भिंतीने दोन्ही केलं. असं होऊ शकतं, हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी त्यालाच वेड्यात काढलं असतं.

पण यंदा ग्रीसच्या वासाने मला नेमकं आठवलं ते त्या सकाळचं शेवटचं. गर्दी पांगली होती. चढण चालूच होती. बाईंनी सरांसाठी डबा पाठवला होता आणि ते पहाटेपासूनचे उपाशी, जिन्याच्या वरच्या तोंडाशी कठड्यावर डबा उघडून बसत होते. माय त्यांच्यापाशी गेली.

"गुरुजी, डब्यात काय हाय?"

"पोळी-भाजी आहे, गिरजाबाई. घ्या ना."

"खायले नको. एक पोळी तेवढी द्या."

सरांनी वरची पोळी दिली. मायने तिचे तुकडे केले, जिना जिथे भिंतीमागच्या पाण्याला मिळतो तिथे वाकली, आणि नुकत्याच वर पोचलेल्या मासळीवरून ते ओवाळून दोन बाजूंना भिरकावले. "लेक बाळंतपणाले घरी आली, गुरुजी," ती म्हणाली. "उंबऱ्यावर भाकरतुकडा ओवाळा लागते."

सरांनी वाकून पाण्याकडे बघितलं. घास हातातच होता. मग म्हणाले, "हिला माहेरी आणायला मुराळी कोण गेलं होतं?"

"तुमीच नाही का?" माय म्हणाली. "सकाळपासून पाण्याजवळ उभे व्हते ते?"

सरांनी घास डब्यात ठेवला, डबा मिटला, छत्री उचलली आणि ते पुन्हा लाल पट्ट्याकडे चालायला लागले. मी हाक मारली, "सर, पाणी उतरतंय आता. जेवून तरी घ्या!"

"खाली अजून पुष्कळजणी आहेत," ते मागे न बघता म्हणाले. "सगळ्या पोचेपर्यंत मुराळ्याने जेवायचं नसतं."